जन्मभर शाळेत शिकवलं, आणि माझीच नातवंडं घरी

पत्र

सप्रेम नमस्कार,

मी निवृत्त प्राथमिक शिक्षिका. गुहागर तालुक्यात समुद्राला लागून आमचं गाव. जिल्हा परिषदेच्या शाळांत तीसेक वर्षं नोकरी झाली, शेवटची काही वर्षं आमच्याच गावच्या शाळेत. मुलगा पुण्याला कंपनीत होता. तीन वर्षांपूर्वी तो, सून आणि दोन्ही मुलं कायमची इकडे आली. मुलगा घरूनच कंपनीचं काम करतो, सून आगरातल्या दोन खोल्या पाहुण्यांना देते आणि बागेचंही बघते. नात अकरा वर्षांची, नातू सात. दोघंही शाळेत जात नाहीत.

नात पुण्यात तिसरीपर्यंत शाळेत होती. सकाळी व्हॅनची वेळ झाली की तिच्या पोटात दुखायचं, उलट्या व्हायच्या. डॉक्टर म्हणाले, पोटात काही नाही. इकडे आल्यावर मुलगा आणि सून म्हणाली, आता घरीच शिकवू. मला वाटलं, वर्षभरात हौस फिटेल. ती काही फिटली नाही. नात पुष्कळ वाचते, खाडीवर जाते, तिथीवरून भरतीची वेळ बिनचूक सांगते, पण भागाकार मांड म्हटलं की अडते. नातू अजून सलग वाचत नाही. गणपतीत आलेला प्रत्येक जण विचारतो, "कितवीला गं तू?" आणि माझी मान खाली जाते. आमच्या शाळेचे मुख्याध्यापक माझेच विद्यार्थी. ते म्हणतात, "बाई, पट नऊवर आलाय. दोघांची नावं तरी घाला, हजेरीचं मी बघतो." मुलाला सांगितलं तर तो म्हणाला, "आई, हे तुझ्या शाळेबद्दल नाहीये." पण मला तसंच वाटतं. लोकांच्या दारात जाऊन "मुलांना शाळेत पाठवा" म्हणत मी जन्म काढला. ही माणसं असं का करतात? आणि मी काय करू?

— एक आजी, गुहागर तालुका

उत्तर

बाई,

सगळा गाव तुम्हाला बाई म्हणत असणार, म्हणून मीही तेच म्हणते. तुमच्या मनाला जे लागलंय त्याबद्दल आधी बोलू. तो काटा निघाल्याशिवाय बाकीचं तुम्हाला ऐकूच येणार नाही.

कोकणात शाळेला जे मोल आहे ते बाहेरच्या माणसाला चटकन कळत नाही. जमिनीचे तुकडे लहान, भात जेमतेम काही महिन्यांचं, घरटी एक माणूस मुंबईला गेल्याशिवाय चूल धड पेटायची नाही. तिथे गेल्यावर अंगमेहनतीचं काम मिळायचं की कचेरीत खुर्ची, हे शाळेच्या दाखल्यावर ठरायचं. दापोलीजवळच्या मुरूडचे धोंडो केशव कर्वे सहावीच्या परीक्षेसाठी घाट चढून पायी साताऱ्याला गेले होते, आणि वयाने लहान दिसतात म्हणून त्यांना परीक्षेला बसू दिलं नाही. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गाचं वेगळं कोकण मंडळ २०१२ साली झालं, तेव्हापासून दहावीच्या निकालात ते राज्यात पुढेच आहे. २०२५ साली राज्याचा निकाल ९४.१० टक्के लागला आणि कोकणाचा ९८.८२. पावसात पाखाड्या चढून, लावणीला गेलेल्या आईबापांना शेताच्या बांधावर गाठून मुलं शाळेत आणणाऱ्या शिक्षकांचे श्रम या आकड्यामागे आहेत. तुमचेही आहेत. तेव्हा नातवंडं घरी बसलेली बघून तुम्हाला आपलं आयुष्यच कोणी खोडून टाकल्यासारखं वाटलं तर त्यात चुकीचं काही नाही.

पण मुलगा म्हणतो ते खरं आहे, आणि त्याचा पुरावा तुमच्याच पत्रात आहे. तुमच्या नातीने सोडली ती पुण्याची शाळा. तुमच्या गावची शाळा तिने पाहिलेलीच नाही. तिचं पोट दुखायचं ते व्हॅनच्या वेळेला. मूल खोटं बोलत नव्हतं आणि डॉक्टरही खोटं बोलत नव्हते. पोटात काही नसताना पोट दुखतं, भीतीने दुखतं. रोज सकाळी उलटी करणाऱ्या लेकीला कोंबून व्हॅनमध्ये बसवायचं, की नोकरीची घडी मोडून गाव गाठायचं, यातलं दुसरं तुमच्या मुलाने निवडलं. त्या मुलाला तुम्हीच वाढवलंत. शाळेवरचा राग म्हणून हे त्याने केलेलं नाही, लेकीच्या काळजीने केलंय.

आता तुमचा पहिला प्रश्न, माणसं असं का करतात. घरी शिकवणाऱ्या कुटुंबांची पत्रं या सदराकडे अधूनमधून येतात. तुमच्या घरासारखं कारण, म्हणजे मुलाला शाळेत काहीतरी सोसवेना म्हणून, हे बहुतेकांत कुठेतरी असतंच. वर्गातली चिडवाचिडवी असेल, अक्षरं एकमेकांत मिसळणाऱ्या मुलाला "ढ" म्हटलं गेलं असेल, किंवा नुसती साठ मुलांच्या गलक्याची धास्ती असेल. किनाऱ्यावर त्यात रस्त्याचं कारण मिसळतं. गावच्या शाळेचा पट आटलेला, पाच इयत्ता एका खोलीत, आणि मास्तर अर्धा दिवस ऑनलाइन माहिती भरण्यात. इंग्रजी माध्यम हवं तर ते तालुक्याला. सात वर्षांचं पोर सकाळी अंधारात उठून खाडीला वळसा घालत वळणावळणाच्या रस्त्याने शाळेत जाणार आणि दिवेलागणीला परत येणार. कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत असायला हवी. पण शाळा अंतरात आहे म्हणून ती मनासारखी आहे असं होत नाही, आणि मनासारखी शाळा मग वीस किलोमीटरवर निघते.

आणखी एक कारण मला स्वतःला फार पटतं. कोकणातल्या वर्षाची आणि शाळेच्या वर्षाची गाठ पडत नाही. एप्रिलमध्ये आंबा उतरतो तेव्हाच वार्षिक परीक्षा. वेळास आणि आंजर्ल्याला कासवाची पिल्लं समुद्राकडे निघतात ते दिवसही फेब्रुवारी-मार्चपासूनचे, म्हणजे अभ्यासाच्या धास्तीचे. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, होड्या वर ओढलेल्या, जाळ्यांची डागडुजी चाललेली, बंदरावरचे जुने जाणते बोलायला मोकळे; नेमकी तेव्हाच नवी वह्या-पुस्तकं घेऊन शाळा सुरू होते. ज्या आईबापांना वाटतं की पोराने हे सगळं उघड्या डोळ्यांनी बघावं, त्यांना हा तोटा सहन होत नाही.

यामागचा विचारही परका नाही, बाई. गांधीजींनी १९३७ साली वर्ध्यात नई तालीम मांडली, हाताच्या कामातून शिक्षण. आणि ताराबाई मोडक व अनुताई वाघ १९४५ साली बोर्डीला गेल्या, ते गाव आपल्याच किनाऱ्यावरचं, डहाणूच्या बाजूचं. पुढे कोसबाडला गुरं राखणारी आदिवासी मुलं शाळेत येईनात, तेव्हा या बायांनी मुलांना बोल लावला नाही. त्यांनी कुरणशाळा काढली. जिथे गुरं चरतात तिथेच मुलांना शिकवलं. मूल जिथे आहे तिथून शिक्षण सुरू करायचं, हा धडा त्यांनी घालून दिला. पण लक्षात घ्या, त्या कुरणात मुलांबरोबर रोज शिकवणारं माणूस होतं. त्याच्यावर मी पुढे येते.

शेवटचं कारण पत्रात कोणी लिहीत नाही. ते कारण म्हणजे आपली मुलं "तसल्या" मुलांत बसायला नकोत. आपल्याकडे गाव वाड्यांत वाटलेलं असतं हे तुम्हाला मी सांगायला नको. ज्याची त्याची वाडी वेगळी, पाणवठे वेगळे होते, देवळातले मान वेगळे. कोळीवाड्यातलं, कुणबीवाडीतलं, बौद्धवाडीतलं आणि ब्राह्मणआळीतलं पोर रोज एका सतरंजीवर बसतं अशी सबंध गावात एकच जागा, ती म्हणजे जिल्हा परिषदेची शाळा. खिचडीची ताटं तिथेच शेजारी शेजारी लागतात. एखादं घर या सतरंजीपासून मुलांना वाचवण्यासाठी घरी शिकवत असेल, तर त्याला कितीही सुंदर नाव दिलं तरी मी त्याच्या विरोधात उभी राहीन. तुमच्या घरात असं आहे असं मला पत्रावरून वाटत नाही. पण मुलाला हे एकदा स्पष्ट विचारा. तुमची मुलं गावातल्या कुणाकुणाच्या घरात जेवून येतात? कोणाकोणाची नावं त्यांना येतात? उत्तर चटकन आलं तर बरं. नाही आलं तर आधी तिथेच काहीतरी करायला हवं.

आता नातीची भरती. तुम्ही ती तक्रार म्हणून लिहिलीत, भरती सांगते पण भागाकार येत नाही. मी ते वाचून थांबले, कारण त्या एका वाक्यात घरच्या शिक्षणाचं बळही आहे आणि त्याची दुखरी जागाही.

ती काय करते? तिथीला तीनाने गुणते आणि चाराने भागते. तोंडीच करत असणार. चतुर्थीला तीन वाजता भरती, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. आपले मच्छीमार पिढ्यान्‌पिढ्या हाच हिशेब करत आलेत. आणि बाई, ही तुमची पाऊणकी आहे! पावकी, निमकी, पाऊणकी, हे अपूर्णांकांचे पाढे तुमच्या लहानपणी पाठ करून घेत. भागाकार अडणारी मुलगी रोज बंदरावर पाऊणपट काढते आहे. तिला गणित येत नाही असं म्हणू नका. तिला कागदावर मांडायला येत नाही, आणि ते शिकवण्याजोगं आहे.

पण आता पुढे पाहा. तिला विचारा, पौर्णिमेला भरती केव्हा? ती म्हणेल, पंधराचा पाऊणपट, सव्वाअकरा. मग विचारा, दुसऱ्या दिवशी प्रतिपदेला? एकाचा पाऊणपट, म्हणजे पाऊण वाजता. रोज भरती पाऊण तासाने पुढे सरकते, मग या एका रात्रीत ती दीड तास कशी सरकली? समुद्राने उडी मारली का?

इथे मुलगी गप्प होईल, आणि तिथेच खरं शिकणं सुरू होईल. पंधरा तिथींत भरतीची वेळ बारा तासांनी फिरते. बारा तास म्हणजे ७२० मिनिटं. त्याला १५ ने भागलं की ४८ येतात. पाऊण तास म्हणजे ४५. बंदरावरच्या हिशेबात दर तिथीला ३ मिनिटं सुटतात, पंधरा तिथींत ४५ मिनिटं. सव्वाअकरात ती मिळवली की बरोबर बारा. तोंडी करायला सोपं पडावं म्हणून जुन्या माणसांनी पाऊण धरलं, आणि होडी काढण्यापुरतं ते पुरेसं होतं. हा भागाकार ती मांडेल, कारण तो तिचा स्वतःचा आहे. मग तिला वही घालून द्या. रोजची प्रत्यक्ष भरती, तिथी, हिशेबाची वेळ, दोहोंतला फरक. छापील भरती-ओहोटीच्या तक्त्याशी ताळा करायला लावा. उधाणाला, म्हणजे मोठ्या भरतीला, आणि भांगाच्या, म्हणजे लहान भरतीच्या दिवसांत पाणी जेटीच्या कितव्या पायरीपर्यंत येतं तेही लिहायला सांगा. महिन्याभरात तिच्या वहीत गणित, भूगोल आणि मराठी लेखन, तिन्ही येईल.

मात्र वही घालणारं, "उडी कशी मारली?" विचारणारं माणूस नसेल, तर ती पुढची दहा वर्षं तिथीचा पाऊणपटच काढत राहील, आणि आईबाप पाहुण्यांना कौतुकाने सांगत राहतील की आमची मुलगी समुद्रावर शिकते. समुद्र आपण होऊन शिकवत नाही, रान शिकवत नाही, आगरही शिकवत नाही. त्यांच्यातून शिकण्यासारखं वेचून पुढ्यात ठेवणारा शिक्षक लागतो. घरी शिकवणाऱ्या कुटुंबांत मला हीच उणीव सर्वांत जास्त दिसते. शाळा सोडण्याची कारणं चांगली असतात, ती सांगताही छान येतात, पण मंगळवारी सकाळी दहा वाजता मुलापाशी कोण बसतं याचं उत्तर नसतं. शाळा का सोडली यावरून त्यांचा न्याय करू नका, बाई. घरी रोज काय चालतं ते पाहा.

आणि तुमच्या घरी मंगळवारी सकाळी दहाला कोण बसतं? मुलगा कॉलवर. सून पाहुण्यांच्या न्याहारीत, आंबोळ्या संपून चटणी वाटायची बाकी. आंब्याच्या दिवसांत ती पेट्या भरण्यात. पत्रात तुम्ही सुनेबद्दल दीडच ओळ लिहिलीत, पण घरचं शिक्षण म्हणतात ते सगळं तिच्या एकटीच्या डोक्यावर आहे, असं मला त्या दीड ओळीतून दिसलं. बहुतेक घरांत असंच होतं. निर्णय दोघांचा आणि राबणं एकीचं. ती थकली की मुलांचं शिकणं थांबतं, आणि मग तीच स्वतःला दोष देत बसते. मुलाला बसवून विचारा, आठवड्यातले कोणते तास तुझे? तोंडी नको. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत लिहून दाखव म्हणावं.

आणि काही तास तुमचे. या घरात शिकवण्याचं शिक्षण घेतलेलं माणूस एकच आहे, आणि ते तीन वर्षं ओटीवर बसून गप्प आहे. तुम्ही पहिलीच्या पोरांना अक्षरं लावायला शिकवलीत, चौथीच्यांना शिष्यवृत्तीला बसवलंत. हे ज्ञान पुण्याहून आलेल्या दोघांकडे नाही. पण तपासणीला आलेल्या केंद्रप्रमुखासारखं जाऊ नका. "याला अजून वाचता येत नाही" असं सुनेला म्हणालात तर दार बंद होईल. "सकाळचा एक तास नातू माझ्याकडे दे, तुझं सगळं आवरेपर्यंत" असं म्हणालात तर ती तुमच्या पाया पडेल.

नातवाचं वेगळं बोलायला हवं. नातीला शाळेची भीती होती, ती घरी फुलली, तिला आत्ता हलवू नये असं माझं मत आहे. पण नातवाला कसली भीती होती? तो कधी शाळेत गेलाच नाही. बहिणीचं कारण भावाला आपोआप लागू झालं. मुलं दोन असतील तर निर्णयही दोन हवेत. तुमची शाळा चालत जाण्यासारखी आहे, व्हॅन नाही, साठांचा वर्ग नाही, उलट नऊ मुलं. सात वर्षांच्या पोराला त्याच्या वयाचे सवंगडी हवेत. अकरा वर्षांची ताई आणि कामात बुडालेले आईबाप त्याला पुरणार नाहीत. एक वर्ष त्याला गावच्या शाळेत घालून पाहा, असं मुलाला आणि सुनेला म्हणा. वर्षभर तुम्ही त्यावर काही बोलणार नाही असंही कबूल करा. रमला तर छानच. नाही रमला तर त्याचं घरी राहणं निदान त्याच्या स्वतःच्या कारणाने होईल.

त्याच्या वाचनाची लगेच धास्ती घेऊ नका. सातव्या वर्षी सलग न वाचणारी मुलं तुम्ही वर्गात पाहिलीच असतील. पण रोज शिकवूनही चार-सहा महिन्यांत अक्षरं मनात टिकेनात, उलटसुलट होऊ लागली, ऐकलेल्या शब्दातले आवाज त्याला सुटे करता येईनात, तर बालविकासातल्या तज्ज्ञाला दाखवा. घरी शिकणाऱ्या मुलांत ही अडचण उशिरा कळते, कारण शेजारी तुलनेला दुसरं मूल नसतं.

मुख्याध्यापकांना नाही सांगा. नावं पटावर आणि मुलं घरी, हजेरी खोटी, हे तुमच्याकडून होणार नाही, हे त्यांनाही मनात माहीत असेल. त्यांची तगमग मात्र खरी आहे. वीसच्या आत पट असलेल्या शाळांवर टांगती तलवार आहे. २०२३ पासून समूह शाळांची, म्हणजे लहान शाळा एकत्र करून एक मोठी शाळा करण्याची, चर्चा सुरू झाली आणि प्रत्येक लहान शाळेच्या पोटात गोळा आला. शाळा गेली तर ती सतरंजीही जाईल. नातू खरोखर शाळेत गेला तर पट खराखुरा दहावर येईल. आणि नातीने दाखल न होताही शाळेचं काही करता येतं. शनिवारी दप्तराविना काही उपक्रम असेल तेव्हा तिने भरतीची वही घेऊन जावं आणि चौथी-पाचवीच्या मुलांना तो उडीचा प्रश्न घालावा. तुमचा मुलगा संगणकावर काम करतो; मास्तरांची ऑनलाइन माहिती भरायला त्याने आठवड्यातून दोन तास दिले तर मास्तर तेवढा वेळ वर्गात राहतील. घरी शिकवणाऱ्या कुटुंबाने गावच्या शाळेशी असं नातं ठेवायलाच हवं, असं मला मनापासून वाटतं.

"कितवीला?" असं विचारणाऱ्यांना उत्तर नातीला देऊ द्या. "मी घरी शिकते, आत्ता भरतीचा अभ्यास चाललाय" एवढं ती ताठ मानेने म्हणेल. मान तुमची खाली जाते म्हणून तिचीही जायला लागेल, याची मला काळजी वाटते.

राहता राहिलं कायद्याचं आणि कागदांचं. शिक्षण हक्काचा कायदा २००९ चा, १ एप्रिल २०१० पासून लागू, सहा ते चौदा वयासाठी. त्याच्या कलम १० प्रमाणे मुलाला शाळेत घालणं हे पालकांचं कर्तव्य आहे. ते न पाळणाऱ्या पालकाला दंड किंवा शिक्षा मात्र त्यात नाही. घरी शिकवण्यासाठी नोंदणी किंवा परवानगी अशी सोयही त्यात नाही. तेव्हा शाळाबाह्य मुलांचं सर्वेक्षण करत कोणी शिक्षक दारात आले तर ते त्यांचं काम करतायत हे समजून घ्या, चहा द्या, मुलांच्या वह्या दाखवा. त्या कामाला तुम्हीही कधी काळी गेला असाल.

नातीचा पुण्याच्या शाळेचा दाखला काढलाय का, हे आजच विचारा. नसेल तर काढून आणायला सांगा. राज्य मंडळाची दहावी खाजगीरीत्या द्यायची तर सतरा नंबरचा फॉर्म भरावा लागतो, आणि तिथे आधीच्या शाळेचा दाखला मागतात. जातीचा दाखला काढताना आणि पुढे पडताळणीलाही शाळेच्या नोंदी पुरावा म्हणून लागतात. नातवाकडे अशी नोंदच नसेल, तर निदान तुमच्या मुलाचा आणि यजमानांचा शाळेचा दाखला नीट जपून ठेवा. दुसरा मार्ग एन.आय.ओ.एस.चा, केंद्राची मुक्त शाळा, १९८९ पासूनची. चौदा पूर्ण झाली की दहावीला बसता येतं, मराठी माध्यमातही देता येते, विषय पाच, परीक्षा वर्षातून दोनदा, आणि पाच वर्षांत नऊ संधी, म्हणजे एकेक विषय सोडवत गेलं तरी चालतं. नावनोंदणीच्या आधी अभ्यासकेंद्र कुठे आहे ते मुलाने पाहावं, कारण प्रात्यक्षिकांसाठी आणि परीक्षेसाठी जावं लागतं. राज्याचंही मुक्त विद्यालय मंडळ आहे, ते पाचवी, आठवी आणि दहावीच्या तोडीच्या परीक्षा घेतं. नातीने पाचवीची परीक्षा दिली तर तिची तयारी कुठवर आलीय हे सगळ्यांना कळेल, आणि हातात एक कागदही येईल. शाळांमार्फत होणारी शिष्यवृत्ती परीक्षा मात्र तिला घरी राहून देता येणार नाही, हा तोटा धरून चाला.

तिला उद्या स्वतःहून शाळेत जावंसं वाटलं तर वाट बंद नाही. त्याच कायद्याच्या कलम ४ प्रमाणे शाळेबाहेरच्या मुलाला वयानुरूप इयत्तेत थेट घ्यावं लागतं, मागे राहिलेलं भरून काढायला खास शिकवणीही द्यावी लागते, आणि कलम १५ प्रमाणे वर्षाच्या मध्यात आली म्हणून कोणी परत पाठवू शकत नाही. हे सगळं आठवीपर्यंत. नववीला तो हक्क उरत नाही, शाळा मागच्या इयत्तेचे कागद मागू शकते. म्हणजे तुमच्या नातीच्या हातात अजून दोन-तीन वर्षं आहेत. या मुदतीचं मुलाला आणि सुनेला आत्ताच सांगून ठेवा, आणि दरवर्षी जूनच्या आधी नातीला एकदा विचारा, यंदा शाळेत जायचंय का.